ठाणेदाराचा चावा

‘चावला काय वं?’

बाबांनी डोळे मिटले होते. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारलेली आणि डावा हात मनगटापर्यंत माशाच्या काचेच्या टाकीत. मी मशीनजवळ बसून एका ब्लाऊजला हुक लावत होते. मी मान वर न करताच म्हणाले, ‘चावला.’

‘न पाहता सांगू नको. बराबर पाह्य. कोनत्या बोटाले?’

मी सुई ठेवली आणि पाहिलं. ‘करंगळीले.’

‘अन् आता?’

‘तिच्या बाजूच्या. बाबा, सोडा नं आता त्याले. पिसाळन तो.’

‘पिसाळू दे. म्हनूनच त ठेवला.’

मग त्यांनी हात थोडा पुढे सरकवला. मासा खापराआडून सुटला आणि अंगठ्याजवळच्या बोटावर तुटून पडला. या बोटाला चावा बसला की बाबा मला काही विचारत नसत. ‘हा चावला!’ असं स्वतःच म्हणत, हात बाहेर काढत, पंचाला पुसत आणि दुकान उघडायला जात. त्या दिवशीही तसंच झालं. आमच्या घरची सकाळ अशी सुरू व्हायची.

हिंगणघाटला आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. बाबा बायकांचे ब्लाऊज शिवत. मारोतराव टेलरचा ब्लाऊज खांद्यावरून उतरत नाही, असं गावात म्हणत. ती टाकी एका बँकवाल्या साहेबांच्या बायकोची. साहेबांची बदली झाली, टाकी ट्रकात फुटेल म्हणून बाई ती आमच्याकडे ठेवून गेल्या. तेव्हा तिच्यात चांगले सोनेरी मासे होते. हा एकच राखाडी, माझ्या बोटाएवढा, अंगावर काळे पट्टे. त्या पट्ट्यांमुळे मी त्याचं नाव कैदी ठेवलं. त्यानं महिनाभरात बाकीच्या सगळ्यांना संपवलं आणि कुंडीच्या फुटक्या खापराखाली एकटा राज्य करू लागला, तेव्हा बाबा म्हणाले, ‘हा कैदी नाही, ठाणेदार हाये.’ तेच नाव पडलं.

ठाणेदाराला लहान-मोठं काही कळत नसे. काच पुसायला कोणीही हात घातला की अंग फुगवून, पंख उभारून तो धावून यायचा. त्याचा चावा म्हणजे आधी चिमटा आणि मग बराच वेळ चुरचुर. कधी रक्ताचा ठिपकाही यायचा. चारा टाकणाऱ्या हातालाही तो सोडत नसे. आईला एकदा चावला तेव्हा ती किंचाळलीच. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजते मुडदा! जावयाचीच जात दिसते याची!’ असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

कारण माझं लग्न ठरलं होतं. स्थळ आर्वीचं होतं. दिगांबर पंचायत समितीत नोकरीला होता. पाहायला आला तेव्हा त्याचे कान डोक्यापासून चांगले बाहेर आलेले मला दिसले, आणि माझं लक्ष गेलं हे त्याला कळलं तेव्हा ते लाल झाले. मला तो आवडला होता. हे सरळच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

लग्न वैशाखात होतं. माझे ब्लाऊज बाबा स्वतः शिवणार होते, काजबटणसुद्धा दुसऱ्या हाताचं नको, असं त्यांनी जाहीर केलं होतं. कापडं घेऊन पेटीत ठेवली होती. बाबा एरवी फार बोलत नसत. पत्ते नाहीत, पान नाही, चावडीवरच्या गप्पा नाहीत. अशा माणसानं रोज उठून एका माशाला छळावं, त्याचं तोंड सुजेपर्यंत, हे मला कोडं होतं आणि रागही यायचा. मुका जीव काही सांगू शकत नाही म्हणून काय झालं! पण बापाला किती बोलणार?

खानझोडेबाई शाळेत शिकवायच्या. एक दिवस त्या शिवून नेलेला ब्लाऊज परत घेऊन आल्या. पिस्त्याच्या रंगाचं भारी रेशीम. त्यांनी तो उलटा करून गल्ल्यावर पसरला. काखेच्या शिवणीजवळ तपकिरी ठिपक्यांची ओळ होती.

‘मारोतराव, हे रक्त आहे.’

बाबांनी ब्लाऊज पाहिला. मग डाव्या हाताची बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि हात खिशात घातला. ‘कापडाचाच डाग असन बाई. धुऊन देतो.’

‘कापडाला टाक्याटाक्याच्या अंतरानं डाग पडतात होय?’ बाई म्हणाल्या. पण जुन्या गिऱ्हाईक होत्या, त्यांनी जास्त ताणलं नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली, डोळे अधू झाले, चष्म्याचा नंबर बदला. मी म्हणाले, ‘डोळे ठीक हायेत, जावई येनार म्हनून लक्ष ठिकानावर नाही.’ बाबा हसले. चष्म्याचा नंबर बदलला. त्यानंतर इस्त्रीच्या कोळशानं त्यांच्या करंगळीवर मोठा फोड उठला आणि त्याकडे आईनंच प्रथम बोट दाखवलं. तेव्हाही आम्ही चष्मेवाल्यालाच नावं ठेवली.

थंडी सुरू झाली तेव्हा कॉलेजात आरोग्य खात्याची तपासणी आली. वाचनालयात पडदा लावून एकेका मुलीला आत बोलावत होते. आत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझी पाठ पाहिली, दंड पाहिले, चट्टा कुठे आहे का विचारलं. मग माझा हात टेबलावर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, ‘आता डोळे मीट. पेनाचं टोक लागेल तिथे बोट ठेवायचं.’

मी डोळे मिटले. टोक तळहाताला लागलं, मी बोट ठेवलं. करंगळीला लागलं, बोट ठेवलं.

‘डोळे कशाला मिटायचे?’ मी विचारलं.

‘उघडे असले की माणूस दिसतं म्हणून हो म्हणतो. कातडीला काय कळतं ते डोळे मिटल्यावरच समजतं.’

‘अन् लागलं तरी कळलंच नाही तर?’

‘तर नसेवर रोग आला म्हणायचा. हाताला बहुतेक करंगळीपासून सुरू होतं. मग तिच्या शेजारचं बोट.’ बाईंनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. ‘झालं गं. उघड डोळे.’

मला ते उघडवेनात. मिटलेल्या डोळ्यांपुढे बाबा दिसत होते, बाही वर सारलेले. बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा मी उठले. जाता जाता विचारलं, हे बरं होतं का? त्या म्हणाल्या, गोळ्या फुकट मिळतात, वेळेवर घेतल्या तर रोग पूर्ण बरा होतो, पण एकदा बधिर झालेलं बोट परत शुद्धीवर येईलच असं नाही. म्हणून उशीर करायचा नाही. मी घरी कशी आले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आत भाकरी थापत होती. बाबांनी बाही सारली, डोळे मिटले, हात पाण्यात घातला. ठाणेदार आला आणि करंगळीच्या पेराला डसून शेपटी झाडू लागला.

‘चावला काय वं?’

मी बोलले नाही.

‘कुंदे? अवं, चावला काय?’

बाबांनी डोळे उघडले. आधी बोटाकडे पाहिलं. मासा अजून तिथेच होता. मग माझ्याकडे.

‘कॉलेजात तपासनी झाली,’ मी म्हणाले. ‘डोळे मिटून.’

त्यांनी हात बाहेर काढला आणि पंचानं एकेक बोट वेगळं पुसलं. ‘आतलं दार लोटून घे,’ म्हणाले.

मी दार लोटलं. ‘कवापासून?’

‘होळीच्या आसपास ध्यानात आलं.’

‘आईले माहीत हाये?’

‘नाही. अन् तूही सांगनार नाही.’

‘दवाखान्यात चला, बाबा. गोळ्या भेटतात. बाई म्हने बरं होते.’

‘जाईन नं. कार्य झालं का दुसऱ्या दिवशी जातो. आत्ता गेलो त दवाखान्याचे लोक घरी येतात, घरच्यायले तपासतात. मोहल्ल्याले समजते. मोहल्ल्याले समजलं का आर्वीले समजायले काय वेळ लागते? महारोग्याची पोरगी कोन करते कुंदे? तूच सांग.’

‘अन् तोवर बोटं गेली त?’

‘म्हनूनच त हा ठेवला.’ त्यांनी टाकीकडे हनुवटी केली. ‘सुई टोचून पाह्यली. पन सुई आपली अन् हातही आपलाच, मनाले आधीच माहीत राहते. याचा काही नेम नाही. अन् हा कोनाची भीड ठेवत नाही. करंगळी गेली, बाजूचं गेलं. अंगठा अन् त्याच्याजवळचं हे बोट शाबूत हाये तोवर मी सुईखाली कापड धरू शकतो. वैशाखापर्यंत पुरते मले.’

कापड मापून पुरतं की नाही सांगावं तशा आवाजात ते हे बोलले. मग माझा हात उचलून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला. ‘आन हाये तुले माही.’

मी शपथ पाळली. आमचा खेळ चालू राहिला, आणि आता तो काय आहे हे मला माहीत होतं. रोज सकाळी मी म्हणायचे, चावला, करंगळीले, चावला, बाजूच्या. आणि मग श्वास रोखून त्या तिसऱ्या चाव्याची वाट पाहायचे. ‘हा चावला!’ ऐकलं की माझा दिवस सुटायचा. ज्या माशाचा मला कळवळा यायचा त्याला मी मनात म्हणायचे, जोरानं चाव मेल्या, हाडापर्यंत चाव. रोजच्या छळानं तो असा खवळला होता की हाताची सावली पाण्यावर पडली तरी काचेवर धडका द्यायचा. एकदा पाणी बदलताना मलाही डसला. माझं बोट कितीतरी वेळ चुरचुरत राहिलं, आणि मी ते पदरात धरून रडले.

पौषात आर्वीच्या बाई, म्हणजे दिगांबरची आई, येणार असल्याचा निरोप आला. लग्नातला स्वतःचा ब्लाऊज त्यांना व्याह्यांकडूनच शिवून हवा होता, मापाचा ब्लाऊज घेऊन येणार होत्या. त्या सकाळी आई लवकर उठून सडा घालत होती. बाबांनी नेहमीप्रमाणे हात पाण्यात घातला. करंगळी झाली. बाजूचं झालं. मग हात पुढे सरकला आणि ठाणेदारानं अंगठ्याजवळचं बोट धरलं. धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मी ‘हा चावला!’ची वाट पाहत होते. बाबा डोळे मिटून उभे होते, चेहऱ्यावर थोडं हसू.

‘आज सुस्त हाये काय वं ठाणेदार?’ त्यांनी विचारलं.

मासा बोटाच्या टोकाला तोंड लावून अंग झटकत होता.

‘हो,’ मी म्हणाले. ‘सुस्त हाये आज.’

‘थंडीनं असन,’ बाबा म्हणाले आणि हात पुसून दुकान उघडायला गेले.

आर्वीच्या बाई दुपारी आल्या. मोकळ्या स्वभावाच्या होत्या, दुकानातच खुर्ची ओढून बसल्या. पेटीतली माझी कापडं पाहिली, रंग छान निवडले म्हणाल्या. मापाचा ब्लाऊज पिशवीतून काढून गल्ल्यावर ठेवला. त्यांच्या बांगड्यांची किणकिण ऐकून की काय, ठाणेदार काचेवर आपटू लागला. बाईंना मौज वाटली. ‘केवढंसं हे अन् राग केवढा!’ म्हणत त्यांनी बोट पाण्याला लावलं, आणि ‘अवो माय!’ करून झटकन मागे घेतलं.

बाबा ओशाळले. ‘काही करत नाही बाई तो. लहान जीव हाये. पाहा,’ असं म्हणून त्यांनी डावा हात टाकीत घातला. ते बाईंकडे पाहून बोलत होते. मांडव दारापुढे घालायचा की शाळेच्या मैदानात, आर्वीहून किती गाड्या येतील. मागे पाण्यात ठाणेदारानं तर्जनीच्या जुन्या जखमेला तोंड घातलं. रक्ताचा बारीक लाल धागा पाण्यात सुटला.

‘मारोतराव, रक्त!’ बाई उठल्याच. ‘तुमाले लागत नाही काय?’

बाबांनी खाली पाहिलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. सकाळचा मासा सुस्त नव्हता हे त्यांना तेव्हा कळलं.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती हसून म्हणाली, ‘यायले कुठलं लागते बाई! शिंप्याचे हात. सुया टोचू टोचू दगड झाले.’

बाईही हसल्या. पुन्हा खुर्चीत टेकल्या. सगळं निभावलं होतं. मी गप्प राहिले असते तर चहा झाला असता, मग वैशाख आला असता, मी त्या मोठ्या कानांच्या माणसाबरोबर आर्वीला गेले असते आणि इकडे बाबांच्या हातातून एक दिवस कात्री गळून पडली असती.

‘दगड नाही झाले,’ मी म्हणाले. ‘त्यायले बोटायचं कळत नाही. करंगळीचं, तिच्या बाजूच्या बोटाचं, अन् आजपासून याचंही. नसेचा रोग हाये. दवाखान्यात न्यायचं हाये.’

‘कुंदे,’ बाबा हळूच म्हणाले. फक्त एवढंच.

आईनं ट्रे गल्ल्यावर टेकवला. बाईंनी आपलं चावलेलं बोट पदरात गुंडाळलं. त्या वाईट नव्हत्या. आरडाओरडा केला नाही, टोचून काही बोलल्या नाहीत. ‘काळजी घ्या,’ म्हणाल्या. चहाला हात लावला नाही. दारापर्यंत गेल्या, मग परत आल्या आणि गल्ल्यावरचा मापाचा ब्लाऊज उचलून पिशवीत घातला. त्यानंतर आर्वीहून निरोप येण्याची काही गरज उरली नव्हती.

‘आपल्याच हातानं आपल्या घराले काडी लावली सटवीनं!’ आई म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला मारायलासुद्धा तिच्यात बळ नव्हतं. माझ्यातही रडायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हात टाकीत घातला नाही. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि दारात उभे राहिले. आता लपवायचं कोणासाठी? मी चपला घातल्या. दवाखान्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो.

गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी बाबांच्या तोंडावर काळपट छटा आली. दवाखान्याचे लोक घरी आले, आम्हाला दोघींना तपासून गेले. मोहल्ल्याला समजलं. खानझोडेबाई सोडून एकेक गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. खानझोडेबाईही ब्लाऊज माझ्या हातात देत. मी कॉलेज सोडलं आणि मशीनवर बसले. बाबा शेजारी स्टुलावर बसून कापड बेतताना कुठे चुकतं ते आईला सांगत. ‘तिले सांग, काखेचा मुंडा खोल झाला.’ मी समोर असायची आणि ते तिले सांग म्हणायचे. माझं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. करंगळी आणि शेजारचं बोट हळूहळू आत वळली ती वळलीच. दिगांबरचं लग्न दुसरीकडे झाल्याचं कोणीतरी मुद्दाम येऊन सांगून गेलं. त्या दिवशी मी एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

मला पस्तावा झाला का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. नाही झाला. पण बाबांची हाक ऐकावी म्हणून मी कान देऊन बसायचे, हे खरं.

दोन वर्षांनी गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोग गेला, तुमच्यापासून कोणाला काही व्हायचं नाही. बोटांचं विचारल्यावर मात्र म्हणाले, जेवढं राहिलं तेवढं सांभाळा. त्यापुढच्या सकाळी मी दुकान झाडून मशीनला तेल घालत होते. बाबा आतून आले. त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली.

‘कुंदे.’

माझ्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली.

‘इकडं ये. पाह्य.’

मी टाकीजवळ गेले. त्यांनी डोळे मिटले आणि हात पाण्यात घातला. दोन बोटं आत वळलेली, बाकीची सरळ. ठाणेदार आता म्हातारा झाला होता. पट्टे फिके पडले होते, कित्येक दिवस तो कोणावर धावून गेला नव्हता. खापराखाली भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. हाताची सावली त्याच्यावर पडली तरी त्याचे फक्त कल्ले हलत राहिले.

‘हा चावला!’ बाबा म्हणाले. खांदासुद्धा जरासा झटकला त्यांनी.

मी खापराकडे पाहिलं. मग त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

‘कोनत्या बोटाले, बाबा?’

‘या, अंगठ्याजवळच्या. असा कडकडून चावला बेटा! समजलं मले.’ मग ते म्हणाले, ‘तू बोलली म्हनून हे बोट राहिलं पोरी.’

ठाणेदार जागचा हललाही नव्हता.

‘हो बाबा,’ मी म्हणाले. ‘मी पाह्यला. चावला.’

त्यांनी आणखी थोडा वेळ डोळे तसेच मिटून ठेवले. मग हात बाहेर काढला, पंचानं एकेक बोट वेगळं पुसलं आणि दुकान उघडायला गेले.